पदवी कुठे मिळाली, पदवीधर कुठे राहतो : ओहायो काउंटी प्रकल्पाच्या नोंदी

११ जानेवारी २०२५

काम सुरू झालं. अमेरिकेतल्या ओहायो राज्याच्या आग्नेय भागातल्या एका सार्वजनिक वाचनालयाला आपल्या काउंटीतल्या (काउंटी म्हणजे तिथला जिल्हा) शिक्षणाबद्दल एक मोठा फलक आणि सोबत चार पानी पुस्तिका हवी आहे. या वाचनालयात संध्याकाळी मोठ्या माणसांचे वर्ग चालतात. कुणाची शाळा सुटलेली, कुणी कॉलेज मध्येच सोडलेलं. ग्रंथपाल बाईंनी पहिल्याच फोनवर सांगितलं, की दरवर्षी कुठल्या तरी बातमीत काउंटीचा पदवीधरांचा टक्का येतो, राज्यात खालून कितवा नंबर ते येतं, आणि वर्गातली माणसं ते वाचून गप्प होतात. "हा आकडा नक्की काय सांगतो ते आम्हाला समजेल असं मांडून द्या," एवढीच त्यांची मागणी आहे.

मी ओहायोच्या राजधानीत, कोलंबसमध्ये; आकडे हाताळणाऱ्या संगणकी स्क्रिप्ट लिहिणारा सहकारी पुण्यात. त्याची सकाळ ती माझी रात्र, त्यामुळे जे ठरेल ते इथे लिहून ठेवायचं.

आकडा येतो अमेरिकन कम्युनिटी सर्व्हेतून, म्हणजे एसीएसमधून. जनगणना ब्युरो वर्षाला साधारण ३५ लाख पत्त्यांवर ही पाहणी करतो. २००० पर्यंत शिक्षणाचा प्रश्न दशवार्षिक जनगणनेच्या लांब फॉर्मवर असायचा. तो फॉर्म बंद झाला आणि २००५ पासून देशभर एसीएस आला. छोट्या काउंटीत एका वर्षात फारच थोडी घरं सापडतात, म्हणून पाच वर्षांचे नमुने एकत्र करतात. आम्ही घेतलेला संच २०१९–२३ चा, १२ डिसेंबर २०२४ ला प्रसिद्ध झालेला. आमचा मुख्य तक्ता बी१५००३ : वय २५ आणि पुढे, सर्वांत वरची पूर्ण केलेली पातळी कोणती.

मागे किती जायचं यावर चर्चा झाली. १९४० ते १९८० या काळात जनगणना "किती वर्षं शिकलात" असं विचारत होती, १९९० पासून तो प्रश्न "कोणती पदवी मिळाली" असा झाला. चार वर्षं कॉलेजात काढलेला आणि पदवी घेतलेला हे दोघे एक नाहीत. म्हणून १९९० च्या मागे जायचं नाही आणि तुलना मुख्यतः २००० पासूनच करायची, असं ठरलं.

१५ जानेवारी

आज सगळा वेळ काउंटीच्या क्रमांकांत गेला. प्रत्येक काउंटीला पाच अंकी संकेतांक असतो. उदाहरणार्थ, अलाबामा राज्यातल्या ऑटोगा काउंटीचा ०१००१. एक्सेलमधून गेलेल्या फाइलीत सुरुवातीचं शून्य उडतं आणि तक्त्यांची एकमेकांशी जोडणी फसते, म्हणून हा कॉलम सुरुवातीपासूनच मजकूर म्हणून वाचायचा.

बदललेल्या काउंट्या : कोलोरॅडोत ब्रूमफील्ड २००१ मध्ये नवी झाली. व्हर्जिनियातलं बेडफर्ड शहर २०१३ मध्ये काउंटीत विलीन झालं. साउथ डकोटातल्या शॅननचं नाव २०१५ मध्ये ओग्लाला लकोटा झालं आणि संकेतांकही बदलला. अलास्कातल्या वॉल्डीझ-कॉर्डोव्हाचे २०१९ मध्ये दोन भाग झाले. सर्वांत मोठी अडचण कनेक्टिकटची. तिथल्या ८ काउंट्यांऐवजी ब्युरो आता ९ नियोजन प्रदेश वापरतो आणि त्यांच्या सीमा जुळत नाहीत. कालक्रमाच्या आलेखात कनेक्टिकट अख्खं राज्य म्हणून धरायचं. ओहायोच्या ८८ काउंट्या जशाच्या तशा आहेत, त्यामुळे आमच्या फलकाला यातलं काही आडवं येत नाही. देशाच्या नकाशासाठी मात्र हे करावंच लागलं.

१९ जानेवारी

आज राष्ट्रीय आकडे, आणि इथे थांबून नीट लिहायला हवं.

अमेरिकेच्या कृषी खात्याची आर्थिक संशोधन सेवा ग्रामीण शिक्षणावर नियमित टिपणं काढते. त्यांच्या मांडणीनुसार २००० मध्ये ग्रामीण भागातल्या पंचविशीपुढच्या लोकांपैकी १५ टक्के बॅचलर्स (चार वर्षांची पदवी) किंवा त्यापुढची पदवी घेतलेले होते, शहरी भागात २६ टक्के. २०१९ मध्ये ग्रामीण २१, शहरी ३५.

बातम्यांचा मथळा ठरलेला : दरी टक्केवारीच्या ११ गुणांवरून १४ गुणांवर गेली. वजाबाकी बरोबर आहे. पण सहकाऱ्याने त्याच चार आकड्यांचा भागाकार करून पाठवला. २००० मध्ये ग्रामीण टक्का शहरी टक्क्याच्या ५८ शतांश होता, २०१९ मध्ये ६० शतांश. म्हणजे प्रमाणाने पाहिलं तर ग्रामीण भाग किंचित जवळ सरकला. ग्रामीण टक्का १९ वर्षांत स्वतःच्या ४० टक्क्यांनी वाढला, शहरी सुमारे ३५ टक्क्यांनी.

तिसरी रीतही करून पाहिली : एका पदवी नसलेल्या माणसामागे पदवीधर किती. ग्रामीण भागात १५ ला ८५, म्हणजे ०.१८, तर शहरात २६ ला ७४, म्हणजे ०.३५. ग्रामीण आकडा शहरी आकड्याच्या जवळजवळ बरोबर निम्मा. २०१९ चे आकडे घातले, ०.२७ आणि ०.५४. पुन्हा निम्माच.

तेच चार आकडे वजा केले तर दरी वाढली, भागले तर थोडी कमी झाली, आणि पदवीधर-बिगरपदवीधर प्रमाण घेतलं तर जागच्या जागी आहे. कुठलंच उत्तर खोटं नाही. पण बातमीत फक्त पहिलं येतं, आणि ते वाचून माणसाला वाटतं की आपल्या भागात शिक्षण मागे हटतंय. ते हटत नाहीये. २००० ते २०१५ या काळात ग्रामीण भागात हायस्कूलही पूर्ण न झालेल्या प्रौढांचा वाटा २४ टक्क्यांवरून १५ वर आला. फलकावर वजाबाकी द्यायची असेल तर शेजारी ही वाढही तेवढ्याच मोठ्या अक्षरात द्यायची, यावर आमचं दोघांचंही एकमत आहे.

२५ जानेवारी

ग्रामीण म्हणजे काय? हा प्रश्न टाळता येत नाही.

आम्ही जी विभागणी वापरतोय ती मुळात महानगरी आणि बिगर-महानगरी काउंट्यांची आहे. किमान ५०,००० वस्तीचं नागरी केंद्र ज्या काउंटीत असेल ती महानगरी. त्या केंद्राकडे ज्या शेजारच्या काउंटीतले किमान २५ टक्के नोकरदार रोज कामाला जातात तीही महानगरी. बाकी सगळं बिगर-महानगरी, आणि त्यालाच सोयीसाठी ग्रामीण म्हणतात. कृषी खात्याच्या ग्रामीण-नागरी संकेतांकात १ ते ३ महानगरी, ४ ते ९ बिगर-महानगरी. २०१३ च्या यादीत १,१६७ काउंट्या महानगरी आणि १,९७६ बिगर-महानगरी. २०२३ च्या यादीत १,१८६ आणि १,९५८. बिगर-महानगरी भागात देशाची सुमारे ७२ टक्के जमीन आणि साधारण १४ टक्के माणसं.

आता आमच्याच शेजारचं उदाहरण. हॉकिंग आणि पेरी या दोन काउंट्या २०१३ च्या यादीत कोलंबस महानगरात आल्या. डोंगर तेच, जंगल तेच, रस्त्याकडेची चर्चही तीच. बदललं एवढंच की पुरेसे लोक रोज सकाळी कोलंबसकडे गाडी काढू लागले. यादी बदलली त्या दिवशी "ग्रामीण ओहायो"तून शहराशी जोडलेली माणसं एकदम वजा झाली.

देशभर हेच चालतं. ग्रामीण काउंटीची भरभराट झाली, वस्ती वाढली, नोकऱ्या आल्या, शिकलेली माणसं राहायला आली, की ती ग्रामीण राहत नाही. तिचं यश शहराच्या खात्यात जमा होतं. ग्रामीण यादीत उरतात त्या बहुतेक अशा काउंट्या, जिथे हे घडलं नाही. प्रत्येक वर्षी त्या वर्षाची यादी लावली तर दरी काही अंशी या सरकण्यानेच रुंदावते. म्हणून कालक्रमाचा आलेख एकाच यादीवर करायचा. आम्ही २०१३ ची यादी धरून २००० चे आकडेही त्याच चौकटीत मोजतोय. २०२३ ची यादी लावून दुसरा आलेख केला, तोही पुस्तिकेत शेजारी देणार. वाचणाऱ्याला दिसायला हवं की माणूस जागचा हलला नाही तरी त्याचा गट बदलतो.

२ फेब्रुवारी

छोटी नोंद. एका जुन्या सादरीकरणात "सरासरी ग्रामीण काउंटी"चा टक्का सगळ्या काउंट्यांची साधी सरासरी काढून दिलेला सापडला. २०२० च्या जनगणनेत टेक्सासच्या लव्हिंग काउंटीत ६४ माणसं होती, लॉस एंजलिस काउंटीत एक कोटीच्या वर. साध्या सरासरीत दोघींचं वजन सारखं. आम्ही आधी पदवीधरांची बेरीज, मग प्रौढांची बेरीज, आणि शेवटी भागाकार असंच करतोय. देशाच्या रंगीत नकाशाचाही हाच दोष आहे : पश्चिमेकडच्या रिकाम्या विस्तीर्ण काउंट्या डोळ्यांत भरतात आणि व्हर्जिनियाची दाट वस्तीची आर्लिंग्टन काउंटी ठिपक्याएवढी दिसते. फलकावर रंग भरलेल्या नकाशाऐवजी वर्तुळं काढायची, माणसं जितकी तितकं वर्तुळ मोठं.

८ फेब्रुवारी

ओहायोतल्या काउंट्या एकेक करून पाहिल्या. टक्केवारीचा तक्ता लावून वरून खाली वाचायचं, आणि प्रत्येक टोकाला थांबून का असं विचारायचं. आजचा दिवस सर्वांत उपयोगी गेला.

सर्वांत वर डेलावेअर, कोलंबसच्या उत्तरेचं उपनगर. तिथे निम्म्याहून जास्त प्रौढ पदवीधर. हे लोक डेलावेअरमध्ये वाढलेत असं समजायचं कारण नाही. घर घेण्याची ऐपत आली तेव्हा ते तिथे आले.

आग्नेयेला अथेन्स, बिगर-महानगरी. टक्का तिशीच्या आसपास, आजूबाजूच्या सगळ्या काउंट्यांहून खूप वर. कारण उघड आहे : १८०४ मध्ये स्थापन झालेलं ओहायो विद्यापीठ. इथे लक्षात ठेवायची गोष्ट अशी की बहुतेक विद्यार्थी पंचविशीच्या आतले, ते या टक्क्यात येतच नाहीत. टक्का वर नेतात ते प्राध्यापक, कर्मचारी, पीएचडी करणारे आणि पदवीनंतर तिथेच रमलेले. शेजारच्या व्हिंटन काउंटीत चार वर्षांचं एकही कॉलेज नाही, रुग्णालयही नाही. वस्ती तेरा हजारांच्या आत, ओहायोत सर्वांत कमी. पदवीधर दहा टक्क्यांच्या आसपास. शिकलेल्या माणसाला लागणाऱ्या नोकऱ्या म्हणजे शाळा, सरकारी कचेरी आणि बोटांवर मोजण्याइतकी दुकानं. व्हिंटनची मुलगी नर्स झाली तर ती काम कुठे करणार? काउंटीबाहेरच.

मग होम्स काउंटी. तिथेही टक्का दहाच्या आसपास, म्हणजे तक्त्यात व्हिंटनच्या शेजारी. पण होम्सची जवळपास निम्मी वस्ती आमिश लोकांची. त्यांची मुलं आठवीनंतर शाळा सोडून शेती, सुतारकाम, फर्निचरच्या कारखान्यात जातात. १९७२ मध्ये विस्कॉन्सिन विरुद्ध योडर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा हा हक्क मान्य केला. होम्समध्ये बेकारी कमी, सुतारशाळा आणि दुकानं भरभराटीला आलेली. व्हिंटन आणि होम्स यांना एकाच रंगात रंगवणारा नकाशा दोघांबद्दलही चुकीचं सांगतो.

आणि नोबल काउंटी. वस्ती १४ हजारांच्या घरात, त्यात राज्याच्या तुरुंगात दोन हजारांवर कैदी. २००६ पासून एसीएस तुरुंगासारख्या सामूहिक निवासांनाही मोजतं. हे कैदी क्लीव्हलँडचे, सिनसिनाटीचे, कुठलेही असतील. मोजले जातात नोबलचे प्रौढ रहिवासी म्हणून, आणि काउंटीचा टक्का त्यांच्याही शिक्षणावर ठरतो. ओहायोत आणि देशभरात गेल्या काही दशकांत तुरुंग ग्रामीण भागात बांधले गेले, त्यामुळे हा परिणाम फक्त नोबलपुरता नाही. आम्ही तुरुंग असलेल्या काउंट्यांपुढे खूण करतोय.

चार काउंट्या, चार वेगळी कारणं. विद्यापीठ, नोकऱ्यांचा अभाव, धर्मश्रद्धा, तुरुंग. टक्का एकटा यातलं एकही कारण सांगत नाही.

१६ फेब्रुवारी

ग्रंथपाल बाईंशी तासभर बोलणं झालं. मी त्यांना अथेन्स-व्हिंटनचा आलेख दाखवला. त्या म्हणाल्या, "आमच्याकडून दरवर्षी मुलं कॉलेजात जातात. चांगली हुशार मुलं. त्यांची नावं आम्ही याच भिंतीवर लावतो. ती पदवी घेतात. मग ती या आकड्यात का दिसत नाहीत?"

हा या सगळ्या कामाचा गाभा आहे. ती दिसत नाहीत, कारण पाहणी विचारते तुम्ही आज कुठे राहता. तुम्ही कुठे वाढलात, कुठल्या शाळेने तुम्हाला घडवलं, कुणी तुमची फी भरली, हे ती विचारत नाही.

मी संगमेश्वरकडची, त्यामुळे मला हे समजायला वेळ लागला नाही. आमच्या वाडीतून शिकलेले बहुतेक जण मुंबईत, पुण्यात. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, सिंधुदुर्गात १०३६. याचा अर्थ तिथे मुलगे जन्मत नाहीत असा कुणी लावत नाही. ते चाकरीला गेलेत हे सगळ्यांना ठाऊक असतं. पदवीच्या टक्क्याबद्दल मात्र तो अर्थ लगेच लावला जातो, की इथली माणसं शिकत नाहीत.

बाईंना समजावं म्हणून एक काल्पनिक हिशेब मांडला, तोच पुस्तिकेत घालणार आहोत. समजा, एका गावात १०० मुलं वाढली, त्यांतली ४० पदवीधर झाली. पदवीधरांपैकी ३० बाहेर गेली, बाकीच्या ६० पैकी १० गेली. गावात उरली ६० माणसं, त्यात पदवीधर १०. टक्का साधारण १७. आता शहर. तिथेही १०० मुलं वाढली, पण पदवीधर झाली फक्त ३०, आणि सगळी शहरातच राहिली. शिवाय बाहेरून ३० पदवीधर आणि १० इतर आले. एकूण १४०, त्यात पदवीधर ६०. टक्का ४३. गावाने १०० पैकी ४० मुलांना पदवीपर्यंत नेलं आणि ते १७ टक्क्यांवर दिसतं. शहराने ३० नेली आणि ते ४३ वर दिसतं.

खरं गाव असं टोकाचं नसेल. पण वाढलेली जागा धरून मोजलं तर चित्र बदलतं, याचा पुरावा आहे. अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी जनगणना ब्युरोसोबत २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ऑपॉर्च्युनिटी ॲटलासमध्ये १९७८ ते १९८३ दरम्यान जन्मलेल्या मुलांचं मोठेपणीचं उत्पन्न ती जिथे वाढली त्या जागेच्या नावे मांडलं आहे, आता राहतात त्या जागेच्या नावे नाही. त्या मोजणीत आयोवा, नेब्रास्का, डकोटा इथले कितीतरी ग्रामीण भाग उजवे दिसतात. साध्या घरची मुलं तिथून वर गेली. कित्येकदा वर जाणं म्हणजेच बाहेर जाणं होतं.

बाई काही वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "हे पहिल्या पानावर घ्या."

२२ फेब्रुवारी

बाहेर जाणं काउंटीच्या पातळीवर मोजता येतं का ते पाहिलं. एसीएसमध्ये दोन तक्ते आहेत. बी०७००९ मध्ये आज इथे राहणारे लोक वर्षापूर्वी कुठे होते, शिक्षणानुसार. बी०७४०९ मध्ये वर्षापूर्वी इथे असलेले लोक आज कुठे आहेत, शिक्षणानुसार. दोन्ही तक्ते समोरासमोर ठेवले की पदवीधर आले किती, गेले किती याचा अंदाज लागतो. परदेशी गेलेले दुसऱ्या तक्त्यात येत नाहीत, पण आमच्या भागात तो मुद्दा मोठा नाही.

अडचण चूकमर्यादेची, म्हणजे अंदाज किती वरखाली असू शकतो त्याची. एसीएसचा प्रत्येक अंदाज ९० टक्के विश्वासपातळीच्या चूकमर्यादेसह येतो. लहान काउंटीत वर्षभरात स्थलांतर केलेले पदवीधर इतके थोडे सापडतात, की अंदाजापेक्षा चूकमर्यादाच मोठी निघते. म्हणून एकेका काउंटीचा आकडा देणार नाही. आग्नेय ओहायोच्या बिगर-महानगरी काउंट्यांचा एक गट करून देतोय. बेरजेची चूकमर्यादा काढताना प्रत्येकीचा वर्ग, त्यांची बेरीज, मग वर्गमूळ. दोन काळांची तुलना करताना पाच वर्षांच्या खिडक्या एकमेकींवर चढू द्यायच्या नाहीत. २०१४–१८ आणि २०१९–२३ चालेल, २०१७–२१ आणि २०१९–२३ नाही.

सहकाऱ्याने विचारलं, मग शहरात येणारे पदवीधर सगळे ओहायोतल्यासारख्या खेड्यांतूनच येतात का? नाही, आणि इथे आपली माणसं या हिशेबात येतात. कराडच्या किंवा सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून पदवी घेऊन न्यू जर्सीच्या एडिसनमध्ये राहायला आलेला माणूस मिडलसेक्स काउंटीच्या पदवीधरांत मोजला जातो. त्याचं शिक्षण तिथल्या कुठल्याही शाळेने केलेलं नसतं. पाहणी पदवी कोणत्या देशातली ते वेगळं धरत नाही. कॅलिफोर्नियाच्या सँटा क्लारातही तेच. मोठ्या शहरांच्या टक्क्यात जगभरच्या गावांनी, तालुक्यांनी, आईबापांनी केलेला खर्च मुरलेला आहे, आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा आहे.

उलट दिशेचीही वाट आहे. १९९४ च्या कॉनराड तरतुदीनुसार जे-१ या प्रशिक्षणासाठीच्या व्हिसावर शिकलेल्या परदेशी डॉक्टरांना मायदेशी दोन वर्षं परतण्याची अट माफ होते, जर त्यांनी डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षं काम केलं तर. प्रत्येक राज्याला वर्षाला ३० जागा. त्यामुळे छोट्याशा काउंटीच्या रुग्णालयात भारतीय डॉक्टर भेटतो. संख्या लहान आहे, टक्का त्याने हलत नाही. पण त्या काउंटीत हृदयाचे ठोके तपासायला कुणी आहे की नाही, हे त्याने ठरतं.

१ मार्च

आजपर्यंत सगळं बॅचलर्सच्या रेषेवर मोजलं. ती रेषा थोडी खाली आणून असोसिएट पदवी पाहिली. कम्युनिटी कॉलेजातली दोन वर्षांची ही पदवी घेतलेल्यांत ग्रामीण भाग शहरामागे नाही. नर्सिंगची असोसिएट पदवी घेऊन परवाना परीक्षा दिली की माणूस नोंदणीकृत नर्स होतो, आणि आग्नेय ओहायोतली रुग्णालयं त्यांच्यावर चालतात. बातमीतल्या टक्क्यात या बाया "पदवी नसलेल्या"त जातात. मला हे अजिबात पटत नाही. फलकावर बॅचलर्स आणि असोसिएट दोन्ही पट्ट्या एकावर एक रचून दाखवणार.

त्याच्या खालचा गट वाचनालयासाठी सर्वांत महत्त्वाचा : कॉलेज सुरू केलं, पदवी नाही. देशभरात अशी माणसं ४ कोटींच्या आसपास आहेत. पैसे संपले, मूल झालं, गाडी बंद पडली, पन्नास मैलांचा फेरा झेपेना. हेच लोक संध्याकाळच्या वर्गात बसतात. टेनेसीने २०१८ पासून रीकनेक्ट योजनेत पदवी नसलेल्या प्रौढांना कम्युनिटी कॉलेजची फी माफ केली. सतरा-अठरा वर्षांच्या मुलांसाठीची प्रॉमिस योजना तिथे आधीच, २०१५ च्या तुकडीपासून, सुरू झाली होती. प्रौढांसाठी वेगळी योजना लागते हे त्या राज्याने ओळखलं.

वयाचाही हिशेब केला. ग्रामीण भागात वयस्क माणसं जास्त, आणि सत्तरीतल्या पिढीत पदवीधर सगळीकडेच कमी. तक्ता बी१५००१ मधून २५ ते ३४ हा वयोगट वेगळा काढला. वय सारखं केल्यावरही दरी भरून निघत नाही, म्हणजे सगळं म्हातारपणावर ढकलता येणार नाही. याच वयात पदवीधर गाव सोडतात हे त्याचं निदान एक कारण. आणखी एक गोष्ट स्पष्ट आहे : ग्रामीण भागातही पदवीत बायका आता पुरुषांच्या पुढे आहेत.

९ मार्च

ओहायोबाहेरची दोन टोकं पुस्तिकेत हवीत.

वेस्ट व्हर्जिनियाची मॅकडॉवेल काउंटी, कोळशाची. १९५० मध्ये वस्ती ९८,८८७, २०२० मध्ये १९,१११. पदवीधरांचा टक्का देशातल्या सर्वांत कमी टक्क्यांपैकी. सत्तर वर्षांत पाचातली चार माणसं गेली, तिथे उरलेल्यांच्या पदवीचा टक्का काढून शाळांना नावं ठेवण्यात काय अर्थ आहे? खाणीत यंत्रं आली, पोलाद कंपन्यांनी खाणी बंद केल्या, आणि ज्यांना जाता आलं ते गेले.

दुसरं टोक : न्यू मेक्सिकोतली लॉस अलामोस. २०१३ च्या यादीत बिगर-महानगरी, आणि पदवीधर तीनांत दोन. १९४३ मध्ये तिथे अणुबॉम्बची प्रयोगशाळा झाली, ती आजही चालू आहे. वायोमिंगची टीटन आणि कोलोरॅडोची पिटकिन यांच्यातही निम्म्याहून जास्त, कारण जॅक्सन आणि ॲस्पेन इथे श्रीमंत माणसं डोंगर बघत राहायला येतात. तिन्ही ठिकाणी पदवीधर बाहेरून आले. मॅकडॉवेलमधून बाहेर गेले. दोन्ही टोकांचं उत्तर एकाच वाटेवर सापडतं, आणि ती वाट स्थानिक कॉलेजच्या दारातून जात नाही.

कॉलेजचं अंतर महत्त्वाचं नाही, असा याचा अर्थ नव्हे. नोकरी, मूल आणि म्हातारे आईवडील सांभाळणाऱ्या माणसाला पन्नास मैल म्हणजे नकारच. सहकाऱ्याचं म्हणणं की आपण नोकऱ्यांवर फार भर देतोय आणि कॉलेजला सूट देतोय. त्याचा मुद्दा योग्य आहे, म्हणून पुस्तिकेत अंतराचा नकाशा वेगळा : प्रत्येक गावापासून सर्वांत जवळचं कम्युनिटी कॉलेज आणि सर्वांत जवळचं चार वर्षांचं कॉलेज, रस्त्याने किती मिनिटं.

१५ मार्च

मजकूर छपाईला दिला. पहिल्या पानावर बाईंनी सांगितल्याप्रमाणे १०० मुलांचा हिशेब. त्याच्या खाली काउंटीचा टक्का, चूकमर्यादेसह आणि क्रमांकाशिवाय. व्हिंटन आणि तिच्या शेजारणींचे अंदाज चूकमर्यादा धरल्यावर एकमेकींत मिसळतात, त्यामुळे ८८ पैकी कितवी हे सांगणं आकड्याला झेपणारं नाही.

दुसऱ्या पानावर २००० पासूनची वाढ, तिन्ही रीतींनी. तिसऱ्यावर अथेन्स, होम्स, नोबल आणि मॅकडॉवेल, प्रत्येकी एक परिच्छेद. चौथ्या पानावर अंतराचा नकाशा, आणि अर्धवट राहिलेली पदवी पुढे न्यायची असेल तर आधी काय करायचं : जुन्या कॉलेजकडून गुणपत्रक मागवा, जुनी फी थकली असेल तर हप्ते विचारा, संघीय मदतीचा एफएएफएसए अर्ज भरा, तो वयाच्या कुठल्याही टप्प्यावर भरता येतो.

वाचनालयाने आता पुढचं काम मागितलंय. हायस्कूलच्या गेल्या वीस वर्षांच्या तुकड्यांतली मुलं कुठे शिकली आणि आता कुठे राहतात, याची त्यांना स्वतः नोंद करायची आहे, घरोघरच्या आईवडिलांना विचारून. हा आकडा कुठल्याही सरकारी तक्त्यात नाही. प्रश्नावलीचा पहिला मसुदा सहकारी सोमवारी पाठवतोय. नावं न घेता फक्त तुकडीचं वर्ष, शेवटची पदवी आणि आताची काउंटी एवढंच विचारायचं, आणि पाचपेक्षा कमी माणसांचा गट कुठेही छापायचा नाही.